गेजचं गेज

माझा अपघात मला ऐकून माहीत आहे.

तो झाला तेव्हा मी हजर होतो, पण साक्षीदार म्हणून माझा काडीचा उपयोग नाही. जुलै २०२२. दुसरी पाळी संपवून रात्री नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून घरी निघालो. गेटवर वॉचमनला हात करून 'येतो' म्हणालो, तो म्हणाला 'सावकाश, रस्ता ओला आहे'. एवढं मला आठवतं, असं मी येईल-जाईल त्याला वर्षभर सांगत होतो. एकदा कंपनीतला मित्र ऐकता ऐकता म्हणाला, "अरे, तो वॉचमन त्या आठवड्यात गावी होता." म्हणजे ते 'येतो' कुठल्या तरी वेगळ्याच रात्रीचं. मेंदूला भोक दिसलं आणि त्याने घरातलंच एक जुनं कापड काढून ठिगळ मारलं. टाके इतके बारीक की मलाच दिसले नाहीत.

बाकीचं लोकांकडून कळलेलं. गरवारे पॉइंटच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली. टपरी आवरत असलेल्या दोन पोरांनी मला रिक्षात घातलं. माझा मोबाइल काढून 'घर' नावावर फोन लावला, बायको येईपर्यंत ती पोरं हॉस्पिटलच्या दारात थांबली आणि निघून गेली. नाव-पत्ता काही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. चांगलाच कायदा आहे. एरवी लोक हात लावायला घाबरतात. पण माझ्या आयुष्यातल्या त्या अर्ध्या तासाचे दोनच साक्षीदार, आणि तेही बिननावाचे. पुढे मी तिथे शोधायला गेलो, तर टपरीच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती.

आणि हेल्मेट. ते होतं, डोक्यावरच होतं. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून नाशिकला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा मी ते घेतलं, खरं सांगायचं तर पेट्रोलसाठीच. पट्टा लावायची सवय कधी केली नाही. हनुवटीखाली घाम येतो, दुसरं काय! मी पडायच्या आधीच ते निघून गटाराकडे गेलं. त्याला एक ओरखडा आहे, बस.

मी क्वालिटीत आहे. बावीस वर्षं माझं काम एकच, ऑपरेटरने काढलेला पीस हातात घ्यायचा, गेज लावायचं, पास झाला तर पुढे, नाहीतर लाल टॅग. गो-नो गो गेज ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: दोन टोकांची गुळगुळीत दांडी असते. 'गो' बाजू भोकात गेली पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. चर्चेला जागा नाही. हे इतकं सांगायचं कारण, अपघातानंतर माझ्याकडे जे काही मोजायला आलं ते मी या नजरेने पाहिलं आणि त्यातच फसलो.

बेशुद्धीलाही मोजपट्टी असते हे मला माहीत नव्हतं. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. माझ्या केसपेपरवर ९ आहेत. दुखवल्यावर डोळे उघडले म्हणून २, नुसतेच आवाज काढले म्हणून २, आणि दुखवणाऱ्या हाताकडे माझा हात गेला म्हणून ५. ९ ते १२ म्हणजे मध्यम इजा. या पट्टीची मला आवडलेली गोष्ट अशी की तिच्यात शून्य नाही. सगळ्यात कमी ३. अंगात जीव नसलेल्या माणसालाही ३ मार्क मिळतातच.

डोकं आपटलं मागून आणि मार बसला पुढे, हे डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर बोट ठेवून बायकोला दाखवलं होतं. कवटी रस्त्याला लागून थांबते, आतला मेंदू थांबत नाही. तो हेलकावतो आणि कपाळामागच्या, कानशिलामागच्या खडबडीत हाडावर घासतो. हेल्मेटमधलं थर्मोकोल नेमकं इथे उपयोगी पडतं. ते चेपतं, आणि चेपताना थांबायला थोडा वेळ मिळवून देतं. अर्थात ते डोक्यावर असेल तर. डाव्या बाजूला साकळलेलं रक्त काढायला कवटी उघडावी लागली. माझा धाकटा भाऊ निफाडला द्राक्षं करतो. तासलेलं डोकं आणि त्यावरच्या स्टेपलच्या पिना पाहून तो आईला म्हणाला, "रडू नको गं. एप्रिलच्या छाटणीनंतर बाग अशीच बोडकी दिसते." आईने तिथेच त्याच्या पाठीत धपाटा घातला म्हणे.

बायकोने दुसऱ्या दिवसापासून वही घातली. मुलीची दोनशे पानी, मागे पाढे असलेली. आधी औषधांच्या वेळा होत्या, मग हळूहळू मी आलो.

"ता. १४. नाव बरोबर. गाव नाशिक. साल १९९८ म्हणाले. मला मॅडम म्हणतात."

"ता. १६. जेवण झालं. पाच मिनिटांनी, जेवायला कधी देणार?"

"ता. १९. साल बरोबर! पण हॉस्पिटलला कंपनी समजतात. सिस्टरला विचारलं, आज रिजेक्शन किती?"

सलग आठवण सुरू व्हायला तेवीस दिवस लागले. डॉक्टर टाके किती यापेक्षा हा आकडा जास्त विचारतात. पुढचा अंदाज त्यावरून बांधता येतो. माझ्या या नव्या खात्याचं पहिलं पान म्हणजे आईचे हात. ती मोसंबी सोलत होती. अंगठ्याचं नख सालीत रुतलं, बारीक तुषार उडाले ते मला उन्हाच्या तिरिपेत स्पष्ट दिसले. मी म्हणालो, "शिळी आहे." आई म्हणाली, "आत्ता आणली रे." मी म्हणालो, "वासच नाही हिला. टाकून दे."

घरी आल्यावर हेच चालू राहिलं. वरणाला फोडणी नाही. चहात पाणी जास्त. चिवडा सादळलाय. भावाने पाठवलेले कोथिंबिरीचे गड्डे नुसतं गवत. जे समोर येईल ते मी रिजेक्ट करत होतो, तेही कारणासकट. बायको बिचारी चहाची पावडर वाढवत गेली. दोन महिन्यांनी एका दुपारी तिने हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

"काय आहे?"

"डबी."

"आत काय आहे?"

"रिकामी आहे ना?"

तिने डबी माझ्या तळहातावर उपडी केली. पिवळट भुकटीचा एवढा ढीग. मी तो नाकाशी नेला, मग जिभेला लावला, मग तिच्याकडे पाहिलं. ती वहीत लिहायला लागली होती.

नाकाच्या वर, मेंदूच्या खाली एक पातळ हाड असतं, बारीक बारीक भोकांचं. वासाच्या नसांचे तंतू त्या भोकांतून वर जातात. मेंदू झटक्याने सरकला की ते तिथल्या तिथे तुटतात. डॉक्टरांनी चित्र काढलं आणि म्हणाले, "चाळणीसारखं समजा." मला हसू आलं. आदल्याच आठवड्यात स्पीच थेरपीच्या बाईंनी मला चाळणीचं चित्र दाखवलं होतं, आणि मी 'ते... पिठाचं... भोकांचं' म्हणत दहा मिनिटं झटत बसलो होतो. वस्तू दिसत होती, तिचा उपयोग माहीत होता, हाताने चाळून दाखवत होतो, शब्द तेवढा दाराबाहेर उभा.

त्याच बाई एक मिनिट लावून भाज्या सांगायला सांगायच्या. पहिल्या दिवशी मी म्हणालो, मेथी, पालक, बटाटा, वांगं, बटाटा, भेंडी, बटाटा. मग पुन्हा बटाटा. आपण बटाटा म्हणून झालोय हे कळत होतं, तरी तोंड उघडलं की तोच बाहेर यायचा. साठ सेकंद संपले. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या, लासलगावच्या शेजारच्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला कांदा सुचला नाही! आई बाजूलाच बसली होती. ऑपरेशनच्या दिवशी न रडलेली बाई त्या कांद्याला रडली.

थकव्याबद्दल लोकांना सांगून उपयोग नसतो. 'आम्हालाही थकायला होतं' म्हणतात. मेंदूचं वजन साधारण दीड किलोच्या आत, शरीराच्या दोन टक्के, आणि बसल्या जागी शरीराच्या ऊर्जेतला वीस टक्के वाटा तो एकटा खातो. धडधाकट असताना. माझ्याकडे पूर्वी जे प्रोग्रॅम टाकलेल्या सीएनसी मशीनसारखं आपोआप व्हायचं ते आता हाताने चाक फिरवून करावं लागतं. समोरच्याचं बोलणं ऐकणं, त्याच वेळी पंख्याचा आवाज न ऐकणं, वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात धरून ठेवणं. रविवारी मिसळ खायला जाणं हा आमच्याकडे धर्म आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ताटल्या, टीव्ही, 'दोन पाव एक्स्ट्रा', शेजारच्या टेबलावरचं भांडण, सगळं एकाच आवाजात अंगावर आलं. रस्सा तसाच ठेवून बाहेर येऊन पायरीवर बसलो. बायको पार्सल घेऊन आली. हल्ली सकाळी साडेसातला जातो, तेव्हा फक्त मालक आणि मी असतो.

ढोलाचं मात्र मनाला लागलं. कॉलेजात असताना मी पथकात होतो. नाशिक ढोल म्हणजे काय ते बाहेरगावच्यांना वरातीत कळतं, आम्हाला तो पावसाळ्यात संध्याकाळी मैदानावरच्या सरावातून कळतो. तो कान देऊन ऐकायचा नसतोच, बरगड्यांत वाजतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या मैदानावर सराव सुरू झाला. पहिला ठोका पडला आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला, कानावर टॉवेल दाबून खाली बसलो. बादली भरून वाहत राहिली. मुलगी दाराबाहेर फरशीवर बसून होती, हे मला वहीतून कळलं. ती काही बोलली नव्हती. "पावणेआठ ते साडेनऊ. ही पण उठली नाही," एवढंच.

ही वही मी पहिल्यांदा सलग वाचली ती मार्च २०२३ मध्ये. तोवर मी स्वतःला जवळजवळ बरा समजत होतो. चालत होतो, गोल्फ क्लबच्या ट्रॅकला सकाळी तीन फेऱ्या मारत होतो, पेपरमधलं शब्दकोडं अर्धं सोडवत होतो. भेटायला येणारे म्हणायचे, "काही झालं होतं असं वाटतसुद्धा नाही." मला ते खरं वाटायचं. कामावर कधी जाऊ द्यायचं यावरून बायकोशी वाद झाला. ती काही न बोलता वही माझ्यापुढे ठेवून भाजी आणायला गेली.

"ता. ११ नोव्हेंबर. हिचं गणित घेत होते. उत्तर चुकलं. कंपासपेटी भिंतीवर फेकली. ओरडले. ही आजीजवळ झोपली."

मी ते तीनदा वाचलं. ती परत आली तेव्हा मी वाक्य तयार ठेवलं होतं. "हे असं झालेलं नाही. आवाज चढला असेल माझा. पेटी टेबलावरून पडली होती."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "अहो, इकडे या." बेडरूमचं दार लोटून तिने त्याच्या मागची भिंत दाखवली. डिस्टेंपर उडालेला, टिकलीहून थोडा मोठा खड्डा. आत पांढरं प्लास्टर.

आता मी जे केलं ते कुणाला विचित्र वाटेल. मी कपाटातून माझा मापाचा व्हर्नियर काढला, शेपटीची बारीक पट्टी खड्ड्यात सोडली आणि खोली घेतली. २.४ मिलिमीटर. पुन्हा घेतली. २.४. टेबलावरून पडलेली पेटी उभ्या भिंतीत, खांद्याच्या उंचीवर अडीच मिलिमीटर शिरत नाही. बायको दाराला टेकून बघत होती. मी व्हर्नियर पुसला, डबीत ठेवला.

बावीस वर्षांत मी हजारो पीस नापास केले असतील. लाल टॅग लावला की ऑपरेटर काय म्हणतो, सांगू? दहातले नऊ एकच वाक्य म्हणतात. "साहेब, तुमचं गेज चुकलंय." मला त्यांचा राग यायचा. समोर आकडा दिसतोय आणि हा माणूस खोटं बोलतोय! आता वाटतं, त्यातले बरेचसे खोटं बोलत नसावेत. त्यांना आपला पीस खरोखरच चांगला दिसत असणार.

मेंदूच्या दुखापतीत जे जातं त्यात काय गेलं हे ओळखणारा भागही असू शकतो. पाय मोडला तर मोडलेला पाय डोक्याला कळवतो. डोक्याचं कोण कुणाला कळवणार? लकव्याने हात लुळा पडूनही 'माझ्या हाताला काही झालेलं नाही' असं मनापासून सांगणाऱ्या रुग्णांसाठी जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ साली एक शब्द काढला, ॲनोसॉग्नोसिया. तोच बाबिन्स्की, ज्याच्या नावाने डॉक्टर तळपायावर रेघ ओढून अंगठा वर जातो का बघतात. माझ्याही पायावर रोज ओढायचे, वहीत आहे. माझं दुखणं तितकं टोकाचं नव्हतं. पण कपाळामागचा भाग दुखावला की माणूस स्वतःचे पीस स्वतःच पास करत सुटतो, हे हॉस्पिटलमधल्या मानसशास्त्राच्या बाईंनी मला दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, अरेरे, ज्यांना असं होत असेल त्यांचं कठीण आहे.

या विषयावर फोनवर काहीही शोधा, एक माणूस भेटतोच. फिनिअस गेज. नावच असं की मला पुढे वाचावंच लागलं. १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट, रेल्वेसाठी खडक फोडण्याचं काम. सुरुंग ठासायची साधारण साडेतीन फुटी लोखंडी पहार उडाली, गालातून घुसून कपाळाच्या वरून बाहेर पडली. माणूस वाचला, चालत-बोलत राहिला, पण शांत, भरवशाचा मुकादम तिरसट आणि शिवराळ झाला. ओळखीचे म्हणाले, हा गेज आता गेज राहिला नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. मला याचा फार राग आहे. कारण तो माणूस पुढे जवळजवळ बारा वर्षं जगला आणि त्यातली सात-एक वर्षं चिलीत घोडागाड्या हाकत होता. लांब पल्ल्याच्या. अनोळखी देश, अनोळखी भाषा, सहा घोड्यांचे लगाम, उतारू, भाडं, वेळापत्रक. ज्याचा कपाळामागचा भाग पार निकामी झालाय त्याला हे जमेल का? काहीतरी परत जुळलं असणार. ते कसं, कुणी जुळवलं, पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, याची वही कुणी ठेवलेली दिसत नाही.

'बरा झालास का?' याचं उत्तर कुठलं गेज लावता त्यावर आहे. आईच्या लेखी मी पूर्ण बरा आहे, कारण वणीच्या देवीचा नवस फिटला. गडावर ती पायऱ्यांनीच चढणार होती, गुडघ्यांनी ऐकलं नाही, ट्रॉलीने गेलो; देवीने ते चालवून घेतलं. कंपनीच्या डॉक्टरांच्या लेखी मी फिट आहे. वासाच्या बाबतीत मी अजून शून्य. सिलिंडर मुलगी तपासते, दूध नासलंय का तेही तीच सांगते. गाडी मी परत घेतली नाही, कंपनीच्या बसने जातो. मुलीला विचारलं तर म्हणाली, "तू आता जास्त सॉरी म्हणतोस." हे पास की नापास, मी विचारलं नाही.

जून २०२३ ला कामावर गेलो. शॉप फ्लोअर जमलं नाही. एअर गनचा फुस्कारा आणि फोर्कलिफ्टचा भोंगा, दुसऱ्याच तासाला डोळ्यांपुढे अंधारी. साहेबांनी स्टँडर्ड रूममध्ये टाकलं. काचेचं दार, वीस अंश तापमान, कारण जगभर लांबी वीस अंशांनाच मोजायची असं ठरलेलं आहे. आत स्लिप गेज असतात, आरशासारखे गुळगुळीत पोलादी ठोकळे, एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटतात, ना गोंद ना चुंबक. फ्लोअरवरची गेजं इथे येतात, या ठोकळ्यांवर तपासतात. हे ठोकळे बाहेरच्या लॅबमध्ये तपासले जातात, त्या लॅबची मापं पुढच्या लॅबशी, असं करत साखळी दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत जाते. कुठलंच गेज स्वतःचा दाखला स्वतः देत नाही. प्रत्येकावर स्टिकर, पुढची तपासणी अमुक तारखेला. बावीस वर्षं मी हे स्टिकर बघत होतो.

वही आता मी लिहितो. रोज रात्री चार ओळी. झोप किती, डोकं किती वेळ दुखलं, कुठला शब्द अडला, राग. इन्स्पेक्शन रिपोर्टसारखे खाली दोन रकाने आखले आहेत, 'तपासणारा' आणि 'मंजुरी'. पहिल्यात माझी सही. दुसऱ्यात बायको रविवारी, मिसळ खाऊन आल्यावर, आठवडाभराच्या सह्या एकदम करते. चष्मा लावून, प्रत्येक ओळ वाचून. खाडाखोड चालत नाही, दुरुस्ती लाल पेनाने बाजूला.

परवाच्या बुधवारी मी लिहिलं होतं, "आज राग आला नाही."

बाजूला लाल अक्षरात आहे, "दुपारी ३.२०, केबलवाला."

मी विचारलं, "तो राग होता?"

"त्याला विचारा," ती म्हणाली आणि सही न करता पान उलटलं.